विल्बरफोर्स आणि ‘हळूहळू’चें राजकारण

अन्याय उघड दिसूं लागला कीं त्याचे कैवारी त्याचें समर्थन सोडून देतात व ‘हळूहळू’ या शब्दाचा आश्रय करितात. विल्यम विल्बरफोर्स यांचें चरित्र म्हणजे या एका शब्दाशीं झालेल्या झगड्याचा इतिहास होय, असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांतील हल बंदरीं एका व्यापारी घराण्यांत १७५९ सालीं त्यांचा जन्म झाला व १७८० सालीं ते पार्लमेंटांत निवडून आले. थॉमस क्लार्कसन यांनीं बंदरोबंदरीं हिंडून, खलाशांच्या तोंडून गुलामांच्या जहाजांची हकीकत गोळा केली. तिच्या आधारें विल्बरफोर्स १७८९ सालीं सभागृहांत उभे राहिले. व्यापार बुडेल, फ्रेंचांचें फावेल, अशी हाकाटी लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनीं व वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनीं केली. १७९१ सालीं त्यांची सूचना ८८ विरुद्ध १६३ मतांनीं फेटाळली गेली. पुढच्याच वर्षीं डंडास यांनीं ठरावांत ‘हळूहळू’ हा शब्द घातला; ठराव संमत झाला खरा, पण व्यापार पूर्ववत् चालूच राहिला. १७९६ सालीं अवघ्या चार मतांनीं अपयश आलें.

तेव्हां जेम्स स्टीफन या वकिलानें निराळी वाट दाखविली. फ्रान्सशीं युद्ध चालू असतां परक्यांच्या वसाहतींस गुलाम पुरवूं नयेत, अशा देशहिताच्या मुद्द्यावर १८०६ सालीं कायदा झाला व त्या व्यापाराचा मोठा भाग तुटला. १८०७ सालीं उरलेला व्यापार बंद करण्याचें बिल २८३ विरुद्ध १६ मतांनीं पुढें सरकलें व त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला.

मात्र गुलाम गुलामच राहिले. त्यांची मुक्तता क्रमानेंच व्हावी, असें खुद्द विल्बरफोर्स यांसही दीर्घकाल वाटत होतें. त्या शब्दाची बाधा त्यांसही चुकली नाहीं. मुक्ततेचें बिल संमत होणार हें निश्चित झाल्याची वार्ता कानीं आल्यावर तीन दिवसांनीं, २९ जुलै १८३३ रोजीं, त्यांचा अंत झाला. त्या कायद्यानें धन्यांस २ कोटि पौंड भरपाई दिली, गुलामांस छदामही नाहीं. आणि कंपनी सरकारचा मुलूख त्यांतून वगळला. हिंदुस्थानांत गुलामीची कायदेशीर मान्यता जाण्यास १८४३ साल उजाडलें. कर्जापायीं राबविण्याची वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा तर १९७६ सालीं झाला.

कायदा झाला म्हणून उचल घेऊन अडकलेलें वीटभट्टीवरील कुटुंब आपोआप सुटत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांस एवढीच विनंति कीं, माल घेतांना तो घडविणाऱ्या हातांवर उचलीचें ओझें आहे काय, हें विचारावें. आणि कायद्याच्या अंमलबजावणीची गोष्ट निघतांच जो ‘हळूहळू’ म्हणेल, त्याची हिशेबाची वही आधीं पाहावी.