संत कथबर्टच्या शवपेटीतील ठेव

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २०१२ साली तळहातावर मावेल एवढे एक हस्तलिखित ९० लाख पौंडांस विकत घेतले. ते योहानाचे शुभवर्तमान. तांबड्या कातड्याच्या मूळ बांधणीसह शाबूत राहिलेले युरोपातील हे सर्वांत जुने पुस्तक. डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये संत कथबर्ट यांच्या शवपेटीत ते ११०४ साली सापडले होते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला त्या आकड्याचे तितकेसे नवल वाटत नाही. ज्यांच्या नावाने ही किंमत मोजली गेली, त्यांनी स्वतःसाठी जवाच्या पिकापलीकडे फारसे काही मागितले नव्हते, याचे वाटते.

कथबर्ट सातव्या शतकातले, उत्तर इंग्लंडातील नॉर्थंब्रियाचे. मेंढ्या राखीत असता, ६५१ साली बिशप एडन वारले त्या रात्री, त्यांना दृष्टान्त झाला व ते मेलरोजच्या मठात दाखल झाले, असे बीडने लिहिलेल्या चरित्रात आहे. पुढे लिंडिस्फार्न बेटावरील मठाचा कारभार त्यांनी पाहिला आणि ६७६ च्या सुमारास इनर फार्न या निर्जन बेटावर ते एकांतवासास गेले. तेथे त्यांनी भिंत बांधली ती इतकी उंच, की आतून केवळ आकाश दिसावे. दुसऱ्यांच्या अन्नावर जगणे नको म्हणून गहू पेरला. तो आला नाही. मग जव पेरला, तोही हंगाम टळल्यावर. तो मात्र आला. पाखरे दाणे टिपू लागली तेव्हा त्यांनी पाखरांचीच समजूत घातली म्हणे. आपल्याकडील संतचरित्रे वाचलेल्यांना हा प्रसंग परका वाटू नये.

६८४ साली बिशपपदासाठी त्यांची निवड झाली. पत्रे आणि निरोप व्यर्थ गेले, तेव्हा राजा एगफ्रिथ स्वतः नावेतून बेटावर आला. ६८५ साली यॉर्क येथे दीक्षा झाली. दोन वर्षे पुरी होण्याआधीच पद सोडून कथबर्ट बेटावर परतले आणि २० मार्च ६८७ रोजी तेथेच वारले.

मृत्यूपूर्वी त्यांची एकच विनंती होती: मला या बेटावरच पुरा. लिंडिस्फार्नला समाधी झाली, तर आश्रयासाठी गुन्हेगार आणि पळपुटे तेथे धाव घेतील व त्यांच्यासाठी सत्ताधाऱ्यांकडे रदबदली करता करता मठवासीयांचे जिणे अवघड होईल, हे त्यांना दिसत होते. स्वतःच्या कीर्तीचा खर्च कोणाच्या माथी पडेल, याचा इतका कोरडा हिशेब मांडणारे संत विरळाच. मठवासी ऐकेनात. अखेर कथबर्ट यांनी होकार दिला.

पुढचा इतिहास सर्वस्वी त्या पेटीचा आहे. ६९८ साली ती उघडली तेव्हा देह अविकृत आढळल्याचे सांगितले गेले. डेन लोकांच्या भयाने ८७५ साली मठवासी पेटीसह बाहेर पडले. ९९५ मध्ये ती डरहॅमला स्थिरावली. वाटेत जमिनी मिळाल्या, राजा अथेलस्टनने जरतारी वस्त्रे दिली. ओकच्या लाकडाची एक साधी वेदी, प्रवासात नेण्याजोगी. तिच्यावरही भक्तांनी मागाहून चांदी मढविली! आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी समाधीवरील जडजवाहीर नेले. एक छोटा सुवर्णक्रूस तेवढा वस्त्रांच्या घड्यांत खोल दडून राहिला, तो १८२७ साली हाती लागला.

गार्नेटच्या तांबड्या खड्यांचा तो क्रूस आज कॅथीड्रलच्या संग्रहालयात आहे. तो मोडला होता आणि दुरुस्त केलेला आहे. म्हणजे कोणीतरी तो दीर्घकाळ गळ्यात वागविला. न रंगविलेल्या लोकरीचे कपडे घालणाऱ्या कथबर्ट यांच्याशी सोने जुळत नाही. तो पदाचा अलंकार असावा, असे मला वाटते. शेजारी हस्तिदंती फणी आहे. त्या शतकात हस्तिदंत उत्तर इंग्लंडात पोहोचला, हा व्यापाराच्या अभ्यासकाने थबकून पाहावा असा पुरावा. आणि ते ९० लाखांचे पुस्तक? अभ्यासकांच्या मते ते कथबर्ट यांच्या निधनानंतर लिहिले गेले. त्यांनी ते कधी उघडलेच नसावे.

वेदीवरची चांदी आता जागोजाग फाटली आहे आणि आतले ओकचे लाकूड दिसते. इनर फार्नवर आजही आयडर बदके घरटी करतात. त्या किनाऱ्यावरचे लोक त्यांना कथबर्टचीच बदके म्हणतात.