खोपा त्याचा, पसंती तिची

सुगरण पक्ष्याचा खोपा विणतो नर. मादी तो पारखते. हा संसार बारकाईने उलगडला डॉ. सलीम अलींनी. १८९६ साली मुंबईत जन्मलेले अली १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी पावसाळ्यात खोप्यांवर नजर ठेवली. नर खोपा अर्धा विणतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो. तिला पसंत पडला तरच जोडी जमते. मग तो खोपा पुरा करून दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! अंडी घालणे, उबवणे मादीकडे. म्हणून पारखही तिची. १९३१ साली हा अभ्यास छापून आला आणि बेकार अलींचे नाव झाले. १९८७ मध्ये ते गेले. धामापूरला माडावर अर्धवट खोपा दिसला, तर तो कदाचित नापसंत झालेला असेल.