खताच्या मागचा हिशेब बघणारे न्यायमूर्ती

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपल्याला समाजसुधारक आठवतात. सातारा-सांगलीच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांशी त्यांचा जो संबंध आला, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. शिवाय ते आपल्या भागाचे जावई. पत्नी रमाबाई देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या.

जन्म १८ जानेवारी १८४२, निफाडचा. १८७१ मध्ये ते पुण्याला न्यायखात्यात आले. नोकरी सांभाळून सार्वजनिक सभेतून त्यांनी सारा आणि दुष्काळ हे प्रश्न सरकारपुढं मांडले. सरकारला ते खुपलं. १८७८ ला नाशिक आणि १८७९ ला धुळे अशा बदल्या झाल्या.

त्याआधी १८७५ मध्ये सुप्याला दंगा उसळून सावकारांची खतं जाळली गेली. त्याच साली शिराळ्याकडच्या कोकरूडलाही तेच झालं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा निघाला. तो पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा साताऱ्यातच होते. या कायद्यानं खतावर आकडा दिसला की हुकूमनामा द्यायचा, ही रीत मोडली. मुद्दल खरोखर किती दिलं, हे कोर्टानं मुळापासून तपासायचं. व्याजाचं मुद्दल करायचं नाही. फेड हप्त्यानं ठरवता येई, आणि साध्या कर्जापायी शेतकऱ्याला कैद बंद झाली. पैसे भरले की पावती मागायचा हक्कही मिळाला. (सेवा सोसायटीत पैसे भरून पावती न घेता घरी येणारे आपल्यात आजही आहेत!)

कायदा कागदावर राहू नये म्हणून खालच्या कोर्टांची तपासणी ठेवली होती. १८८१ मध्ये रानडे या कामावर डॉ. पोलन यांचे सहायक झाले आणि १८८७ मध्ये स्वतः स्पेशल जज्ज. मध्यंतरी, १८८५ ला, मुंबईच्या कायदेकौन्सिलातही त्यांची नेमणूक झाली. म्हणजे कायदे करणं आणि राबवणं, दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या.

जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालावी, असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. हे आपल्याला पटेलच असं नाही. पण जप्ती थांबली तरी पेरणीला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. स्वस्त व्याजाच्या शेतकी बँकेचा त्यांनी पुरस्कार केला. वेडरबर्न साहेबांनी पुरंदर तालुक्यासाठी तशी योजनाही केली, ती लंडनला नामंजूर झाली.

१८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ ला वारले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ ला आला.