वालचंद हिराचंद: मजुराला घर देणं धंद्याला कसं परवडलं?

सोलापुरात 'वालचंद' म्हटलं की बहुतेकांना कॉलेज आठवतं. माणूस फार कमी जणांना माहीत असतो. आजची एचएएल, विशाखापट्टणमची जहाजगोदी, प्रीमियर मोटार कंपनी, हे सगळं सुरू करणारा हा सोलापूरचा माणूस. पण मी इथे त्यांच्या उसाबद्दल लिहितोय. शेअर मार्केटच्या रील्समध्ये 'ईएसजी' हा शब्द हल्ली सारखा ऐकू येतो, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यावरून कंपनीला मिळणारे मार्क. कंपनी चांगली वागते ती मनाने की फायद्यासाठी, हा त्यातला खरा प्रश्न. वालचंदशेठ यांची गोष्ट त्यासाठी फार उपयोगी आहे.

जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, जैन व्यापारी घरात. शिक्षण मुंबई-पुण्यात झालं, पण डिग्री पूर्ण केली नाही (आपल्या क्षेत्रात हे ओळखीचं वाटेल!). घरच्या व्यापारात मन रमेना. मग रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक पार्टनर मिळाले आणि दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं. पुढे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन अशी कामं वाढत गेली.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं 'लॉयल्टी' जहाज विकत घेऊन त्यांनी भागीदारांसोबत सिंदिया कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. लगेच ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. नवा स्पर्धक बुडेपर्यंत तोटा सोसायचा, मग दर वाढवायचे. ॲपवाल्यांचं 'पहिल्या दहा ऑर्डर फ्री' याच जातीचं. मार्केट आपोआप चांगलं काही घडवत नाही, हे शेठना तिथेच कळलं असणार.

आता ऊस. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात लावली आणि देशात कारखाने भराभर निघू लागले. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळरानावर वालचंदशेठनी कारखाना काढला, तेच आजचं वालचंदनगर. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटत जाते. त्यामुळे शेत कारखान्याजवळच हवं. शेत कंपनीचं म्हटल्यावर माणसं वर्षभर लागणार, आणि माळावर माणूस टिकवायचा तर घर, शाळा, दवाखाना द्यावाच लागतो. ते दिलं. याला दानधर्म म्हणायचं की खर्चाचं गणित? माझ्या मते गणितच, आणि म्हणूनच ते टिकलं. मूडवर चालणारं दान मंदी आली की पहिलं बंद होतं.

पर्यावरणाचंही तसंच. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते, पण चिपाड तीस किलोच्या आसपास. ते बॉयलरमध्ये जाळून साखर कारखाने वाफ तयार करतात, म्हणजे कचरा हेच इंधन. कालव्याचं पाणी जास्त दिलं की जमीन खारवट होते, नीरा कालव्याच्या पट्ट्यात हे आधीच दिसलं होतं. जमीन स्वतःची असेल तर तो तोटा थेट मालकाच्या वहीत येतो, म्हणून तो जपून वागतो.

पण वहीत नदीचं खातं नसतं. कारखान्याचं मळीचं पाणी खालच्या गावाला गेलं तर त्याचा खर्च कारखान्याच्या हिशोबात येत नाही. तो यायला १९७४ चा जलप्रदूषण कायदा लागला. तेव्हा शेठना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. माझं म्हणणं एवढंच, की जे मोजलं जातं आणि ज्याचं बिल आपल्याला येतं, त्याचीच धंदा काळजी घेतो. बाकीचं बिल कोणीतरी बाहेरून त्याच्या वहीत घालावं लागतं. सरकारने, गिऱ्हाइकाने, नाहीतर कामगारांनी.

दुसरं महायुद्ध सुरू असताना, डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळुरूला विमान कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदी. १९४९ मध्ये पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. वालचंदनगरची कंपनी पुढे इस्रोच्या रॉकेटचे भागही बनवू लागली.

उसाचं गणित मात्र बदललं. १९६१ च्या कमाल जमीन कायद्यानंतर खाजगी कारखान्यांची शेतं गेली आणि ती चालवायला शेती महामंडळ निघालं. आज राज्यातल्या कारखान्यांना ऊस शेतकऱ्याचा येतो, तोडणी मुकादमाच्या टोळीची. म्हणजे कोयता चालवणारा माणूस कारखान्याच्या पगारपत्रकावर नाही. त्याचं घर म्हणजे हंगामापुरती खोप, आणि त्याच्या पोरांची शाळा गावाकडे सुटलेली. आपल्याला पार्सल आणून देणाऱ्या मुलाला ॲप 'पार्टनर' म्हणतं, कर्मचारी म्हणत नाही, तेही याच कारणाने.