योहान केप्लर : संख्या, आकृति आणि सत्य

संख्या आणि आकृति यांना केवळ मोजमापाचीं साधनें न मानतां त्यांच्यामध्यें कांहीं गूढ अर्थ पाहण्याची प्रवृत्ति मनुष्यजातींत फार प्राचीन आहे. दक्षिणा द्यावयाची ती सव्वा रुपयाची, जपमाळेचे मणी असावयाचे ते १०८, हे संकेत आपणांस परिचित आहेतच. ग्रीक लोकांत पायथागोरसच्या अनुयायांनीं तर संख्या हेंच सर्व वस्तूंचें मूळ तत्त्व मानलें. एक, दोन, तीन व चार यांची बेरीज दहा येते, म्हणून चार ओळींत मांडलेल्या दहा बिंदूंच्या त्रिकोणास ते अत्यंत पवित्र समजत. पुढें प्लेटो या तत्त्ववेत्त्यानें पांच सुसम घनाकृतींचा, म्हणजे ज्यांचीं सर्व पृष्ठें सारख्याच सुसम आकृतींचीं असतात अशा घनांचा, सृष्टीच्या मूलतत्त्वांशीं संबंध जोडला. चार पृष्ठांची आकृति ती अग्नीची, आठांची वायूची, वीसांची जलाची, सहांची पृथ्वीची आणि बारांची अखिल विश्वाची, अशी ती वांटणी होती. या कल्पना सुमारें दोन हजार वर्षें युरोपांतील पंडितांच्या मनांत घर करून राहिल्या. त्याच परंपरेंत वाढलेला, तिच्यावर मनापासून प्रेम करणारा, आणि तरीही आकाशांतील एका लहानशा फरकाला मान देऊन तिची मर्यादा ओलांडणारा पुरुष म्हणजे योहान केप्लर हा होय. त्याचें चरित्र विद्यार्थिवर्गास अनेक दृष्टींनीं बोधप्रद आहे.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजीं जर्मनीच्या दक्षिण भागांतील व्हाइल देर श्टाट या लहानशा नगरांत झाला. दिवस पूर्ण भरण्यापूर्वींच जन्मल्यामुळें तो मूळचाच अशक्त होता. त्यांत बालपणीं देवी येऊन त्याची दृष्टि कायमची अधू झाली. ज्यानें पुढें आकाशाचे नियम शोधून काढावयाचे, त्याला स्वतःला तारे नीट दिसत नसत, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा! बाप भाडोत्री शिपाई होता. तो वारंवार घर सोडून लढाईवर जाई व अखेरीस गेला तो परत आलाच नाहीं. संसाराचा भार आई कॅथरिना हिच्यावर पडला. १५७७ सालीं आकाशांत मोठा धूमकेतु दिसला, तेव्हां या आईनेंच सहा वर्षांच्या आपल्या मुलाला एका उंच जागीं नेऊन तो दाखविला.

बुद्धीच्या जोरावर केप्लरला सरकारी विद्यावेतन मिळालें, व १५८९ सालीं तो ट्यूबिंगेन येथील विद्यापीठांत दाखल झाला. धर्मोपदेशक व्हावें, ही त्याची इच्छा होती. परंतु तेथील गणिताचे अध्यापक मेस्टलिन यांनीं त्याला कोपर्निकसच्या मताची ओळख करून दिली. पृथ्वी स्थिर नसून ती इतर ग्रहांप्रमाणें सूर्याभोंवतीं फिरते, हें तें मत होय. केप्लरला तें तत्काळ पटलें. १५९४ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील शाळेंत गणितशिक्षकाची जागा रिकामी झाली व विद्यापीठानें त्याला तेथें पाठविलें. उपदेशकाचें व्यासपीठ दूर राहिलें आणि हातीं खडू आला.

गणिताच्या वर्गांत विद्यार्थी अगदीं थोडे येत. अध्यापनाखेरीज दरसाल पंचांग तयार करून त्यांत हवामान, युद्ध वगैरेंचीं भाकितें देणें, हेंही त्याचें सरकारी काम होतें. पहिल्याच पंचांगांत त्यानें वर्तविलेली कडक थंडी व तुर्कांची स्वारी हीं दोन्ही भाकितें खरीं ठरलीं आणि त्याचा बोलबाला झाला. ग्रहांच्या परस्परांशीं होणाऱ्या कोनांचा पृथ्वीवर कांहीं परिणाम होतो, असें त्याला आयुष्यभर वाटत असे. परंतु बाजारी फलज्योतिषाचा बहुतेक भाग त्याला निव्वळ खुळेपणाचा वाटे.

दि. १९ जुलै १५९५ रोजीं गुरु व शनि यांच्या युती राशिचक्रांत कोठें कोठें होतात, हें तो आपल्या विद्यार्थ्यांस दाखवीत होता. हे दोन ग्रह सुमारें वीस वर्षांनीं एकत्र येतात, व प्रत्येक युति मागील युतीपासून जवळजवळ एक तृतीयांश चक्र दूर होते. ते बिंदु रेषांनीं जोडतांच वर्तुळांत अनेक त्रिकोण उमटले, आणि त्यांच्या बाजूंमुळें आंत एक लहान वर्तुळ आपोआप तयार झालें. बाहेरील वर्तुळाचा व्यास आंतील वर्तुळाच्या दुप्पट होता. शनि व गुरु यांच्या कक्षांचें प्रमाणही जवळजवळ असेंच आहे, हें त्याच्या एकदम ध्यानांत आलें. परमेश्वरानें विश्वरचना भूमितीच्या आकृतींवर केली असली पाहिजे, या विचारानें तो भारून गेला. त्रिकोण, चौकोन, पंचकोन अशा सपाट आकृतींनीं मात्र पुढील हिशेब जुळेना. तेव्हां तो घनाकृतींकडे वळला. त्या काळीं ज्ञात असलेले ग्रह पृथ्वी धरून सहा. त्यांच्यामधील अंतरें पांच. आणि सुसम घनाकृतीही पांचांहून अधिक असूंच शकत नाहींत, हें ग्रीक भूमितिकारांनीं सिद्ध केलेलें. पांचास पांच! शनि व गुरु यांच्या गोलांमध्यें षट्फलक, गुरु व मंगळ यांच्यामध्यें चतुष्फलक, मंगळ व पृथ्वी यांच्यामध्यें द्वादशफलक, पृथ्वी व शुक्र यांच्यामध्यें विंशतिफलक, शुक्र व बुध यांच्यामध्यें अष्टफलक, अशी रचना त्यानें बसविली आणि १५९६ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्या वेळीं त्याचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें.

परंतु ही रचना ग्रहांच्या प्रत्यक्ष अंतरांशीं तंतोतंत जुळत नव्हती. दुसरा एखादा असता, तर आकृतीच्या सौंदर्यांतच समाधान मानून स्वस्थ बसला असता. केप्लरला मात्र चैन पडेना. अचूक निरीक्षणें मिळाल्यावांचून निर्णय होणार नाहीं, हें त्यानें ओळखलें. आणि तशीं निरीक्षणें सर्व युरोपांत एकाच माणसाजवळ होतीं. तो म्हणजे डेन्मार्कचा सरदार टायको ब्राही. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीं प्रचंड यंत्रांच्या साहाय्यानें त्यानें ग्रहांचीं स्थानें वर्षानुवर्षें मोजून ठेविलीं होतीं, व या सुमारास तो प्राग येथें बादशहा दुसरा रूडॉल्फ याच्या आश्रयास आला होता. १६०० सालीं केप्लर लूथरपंथी असल्यामुळें त्याला ग्राट्समधून हद्दपार व्हावें लागलें, आणि तो कुटुंबासह टायकोकडे गेला. टायको २४ ऑक्टोबर १६०१ रोजीं मरण पावला. त्याच्या जागीं बादशाही गणिती म्हणून केप्लरची नेमणूक झाली व तो निरीक्षणांचा ठेवा त्याच्या हातीं आला.

मंगळाची कक्षा निश्चित करण्याचें काम टायकोनें त्याच्याकडे सोंपविलें होतें. वर्तुळ ही सर्वांत पूर्ण आकृति, आणि आकाशस्थ ज्योतींना पूर्ण आकृतीच शोभते, अशी प्राचीनांपासून कोपर्निकसपर्यंत सर्वांची श्रद्धा होती. केप्लरला तर गोल ही आकृति विशेषच पूज्य होती. तो गोलाला परमेश्वराच्या त्रैक्याची प्रतिमा समजे: केंद्र म्हणजे पिता, पृष्ठभाग म्हणजे पुत्र, आणि दोहोंमधील अवकाश म्हणजे पवित्र आत्मा. अशा श्रद्धेनें तो वर्तुळाकार कक्षेचें गणित करूं लागला. पुष्कळ परिश्रमानंतर एक पद्धति हातीं आली. तीही निरीक्षणांपासून कांहीं ठिकाणीं ८ कलांनीं ढळूं लागली. एका अंशाच्या ६० कला होतात, व पूर्णचंद्राचें बिंब सुमारें ३० कला रुंद दिसतें. म्हणजे हा फरक चंद्रबिंबाच्या चौथ्या हिश्शाएवढा होता. पूर्वींच्या ज्योतिर्विदांनीं तो खुशाल सोडून दिला असता, कारण त्यांच्या निरीक्षणांत १० कलांची चूक सहज खपत असे. परंतु टायकोच्या मापनांत इतकी चूक असणें शक्य नाहीं, हें केप्लरला ठाऊक होतें. अखेर त्यानें आपल्या आवडत्या वर्तुळाचा त्याग केला. मध्यंतरीं अंडाकृतीनेंही त्याला पुष्कळ चकविलें. आणि १६०५ सालीं त्याला उलगडा झाला कीं, मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या मध्याशीं नाहीं, तर दोन नाभींपैकीं एका नाभीशीं आहे. या कक्षेची रुंदी लांबीपेक्षां अर्ध्या टक्क्यानेंही कमी नाहीं. इतक्या सूक्ष्म भेदापायीं दोन हजार वर्षांची श्रद्धा बाजूस सारावी लागली. हा शोध १६०९ सालीं प्रसिद्ध झाला.

संख्यांकडे कुतूहलानें पाहण्याची त्याची हौस मात्र कधींच ओसरली नाहीं. १६११ सालीं नववर्षाची भेट म्हणून एका स्नेह्याला त्यानें एक लहानशी पुस्तिका अर्पण केली. हिमकणाला नेहमीं सहाच टोकें कां असतात, पांच किंवा सात कां नसतात, हा तिचा विषय. मधमाश्यांचीं पोळीं, डाळिंबाचे दाणे, एकावर एक रचलेले गोळे, सर्वांचा विचार करूनही त्याला समाधानकारक उत्तर सांपडलें नाहीं. आणि सहा ही संख्या पवित्र आहे असें म्हणून वेळ मारून न नेतां त्यानें तो प्रश्न पुढील पिढ्यांच्या स्वाधीन केला. पाण्याच्या सूक्ष्म कणांची रचना समजल्यावर विसाव्या शतकांत त्याचें उत्तर मिळालें. गोळे अतिशय दाट कसे रचावे, याविषयीं त्यानें बांधलेलें अनुमान खरें असल्याची सिद्धता तर १९९८ सालीं पुढें आली.

त्याच १६११ सालीं त्याच्यावर संकटांची कुऱ्हाड कोसळली. एक मुलगा देवींनीं दगावला, पत्नी वारली, आश्रयदाता बादशहा पदच्युत झाला. पुढें लिंत्स येथें नोकरी मिळाली, तेथें स्वतःच्याच पंथाच्या उपदेशकानें मतभेदामुळें त्याला प्रभुभोजनाची बंदी केली. परंतु सर्वांत घोर प्रसंग अद्याप यावयाचा होता. १६१५ सालीं त्याच्या वृद्ध आईवर एका शेजारणीनें चेटकीपणाचा आरोप केला. त्या काळीं अशा आरोपाची शिक्षा मृत्यु होती. कोणी म्हणे, तिनें दिलेल्या पेयानें आपण आजारी पडलों. कोणी म्हणे, आपण लंगडे झालों. जेथें तेथें लोकांना गूढ खुणा दिसूं लागल्या. ऑगस्ट १६२० मध्यें सुमारें चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला अटक होऊन सांखळदंड घालण्यांत आले. केप्लर आपलें काम टाकून दूरवरून धांवला. त्यानें शंभराहून अधिक पृष्ठांचें बचावपत्र दाखल केलें व एकेका आरोपाला नैसर्गिक कारण दाखविलें: अमुक दुखणें औषधांमुळें, अमुक लंगडेपणा खंदकावरून उडी मारल्यामुळें. कक्षेच्या ८ कलांचें कारण शोधणारी बुद्धीच येथें आईच्या प्राणांसाठीं लढत होती. यातनांचीं हत्यारें दाखविलीं गेलीं, तरी त्या माउलीनें खोटी कबुली दिली नाहीं. चौदा महिन्यांच्या बंदिवासानंतर ऑक्टोबर १६२१ मध्यें ती सुटली आणि पुढील वर्षीं मरण पावली.

या धामधुमींतच केप्लरचा विश्वसंगीतावरील ग्रंथ १६१९ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रहांच्या गतींत संगीतांतील स्वरांचीं प्रमाणें आहेत, असें त्यानें त्यांत प्रतिपादिलें. ते सूर आज कोणी मानीत नाहीं. परंतु त्यांच्याच शोधांत १५ मे १६१८ रोजीं त्याला एक चिरंतन नियम गवसला. ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग आणि त्याच्या सूर्यापासूनच्या मध्यम अंतराचा घन यांचें प्रमाण सर्व ग्रहांच्या बाबतींत एकच असतें. पृथ्वीचें अंतर व वर्ष हीं एक मानलीं, तर गुरूचें अंतर सुमारें ५.२ व त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारें ११.८६ वर्षें येतो. पहिल्याचा घन करा, दुसऱ्याचा वर्ग करा. दोन्हीकडे १४१ च्या जवळपासच उत्तर येईल. याच ग्रंथाच्या शेवटीं त्यानें लंडनचा वैद्य रॉबर्ट फ्लड याच्या मताचा परामर्श घेतला. फ्लडही विश्वसंगीत मानी. तथापि त्याच्या संख्या केवळ प्रतीकें होत्या, त्यांना निरीक्षणाचा आधार नव्हता. आपलें गणित मोजलेल्या गतींवर उभें आहे व फ्लडचें मनांतील चित्रांवर, हा भेद केप्लरनें स्पष्ट केला. दोघांमधील वाद १६२२ पर्यंत चालला.

१६२७ सालीं त्यानें टायकोच्या निरीक्षणांवर आधारलेलीं ग्रहकोष्टकें प्रसिद्ध केलीं. आयुष्याच्या अखेरीस थकलेला पगार वसूल करण्यासाठीं तो प्रवासास निघाला, आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजीं रेगेन्सबुर्ग येथें तापानें निवर्तला. लवकरच युद्धांत तेथील स्मशानभूमि उद्ध्वस्त होऊन त्याची कबरही नाहींशी झाली. परंतु ७ नोव्हेंबर १६३१ रोजीं, त्यानें अगोदर वर्तविल्याप्रमाणें, बुधाचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकतांना पॅरिस येथें गॅसेंडी यानें पाहिला. पंचांगांतील थंडीचें भाकित योगायोगानें खरें ठरलें होतें. हें गणितानें ठरलें.

पांच घनाकृतींची रचना केप्लरनें अखेरपर्यंत सोडली नाहीं. १६२१ सालीं त्या तरुणपणीच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढतांना त्यानें आपल्या पूर्वींच्या पुष्कळ चुका टिपांमध्यें मोकळेपणानें दाखविल्या, पण मूळ कल्पनेवरील लोभ कायम होता. १७८१ सालीं युरेनस व १८४६ सालीं नेपच्यून हे ग्रह सांपडले आणि सहा ग्रहांची ती इमारत ढासळली. त्याचे तीन नियम मात्र अढळ राहिले. न्यूटननें आपला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडतांना त्यांचाच आधार घेतला, व आजचीं अंतराळयानेंही त्याच नियमांना धरून चालतात.

विद्यार्थिमित्रहो, सुंदर कल्पना मनांत येणें हें भाग्याचें लक्षण खरें. संख्येंत आणि आकृतींत विश्वाचें रहस्य आहे, या श्रद्धेवांचून केप्लर एवढे कष्ट सोसण्यास प्रवृत्तच झाला नसता. परंतु त्याचें मोठेपण त्या श्रद्धेंत नसून तिची परीक्षा घेण्याच्या धैर्यांत आहे. आपणांस अत्यंत प्रिय असलेलें मत आणि समोर दिसणारी ८ कलांची तफावत, यांपैकीं एक निवडण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यांत येतो. त्या वेळीं तफावतीला झांकून न टाकतां जो तिचा मान राखतो, त्यालाच सत्य आपलें खरें रूप दाखवितें.