राजाचा दंड आणि संत थॉमस बेकेट

नाताळच्या धामधुमीत २९ डिसेंबरचा एक सण आपल्या नजरेतून बहुधा निसटतो. तो आहे कँटरबरीचे आर्चबिशप, रक्तसाक्षी संत थॉमस बेकेट यांचा. महामंदिरात त्यांचा तलवारीने वध झाला, एवढे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. परंतु तलवारीच्या सहा वर्षे आधी त्यांच्यावर कायद्याचे शस्त्र चालवले गेले होते. आज आपण त्यांचे जीवन त्या बाजूने पाहू या.

थॉमस यांचा जन्म इ. स. ११२० च्या सुमारास लंडनमध्ये झाला. वडील गिल्बर्ट हे नॉर्मंडीहून आलेले व्यापारी. आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरी काम करीत असताना या हुशार तरुणाला कायद्याच्या शिक्षणासाठी बोलोन्याला पाठविण्यात आले. ११५५ साली राजा दुसरा हेन्री याने त्यांना आपला चान्सलर केले. दोघांची मैत्री जडली. थॉमस थाटामाटात राहत, राजासाठी कर वसूल करीत. ११५९ च्या तुलूझ मोहिमेसाठी त्यांनी ख्रिस्तसभेकडूनही भरपूर पैसा उभा केला. मग ११६२ साली राजाने त्यांनाच आर्चबिशपपदी बसविले. आपला मित्र आपले ऐकेल, अशी राजाची अपेक्षा होती. ती फोल ठरली.

वाद पेटला तो शिक्षेवरून. गुन्हा करणाऱ्या सामान्य माणसाला राजाच्या कोर्टात फाशी होई किंवा त्याचे हातपाय तोडले जात. धर्मसेवकाचा न्याय मात्र बिशपांच्या कोर्टात होई आणि तेथे देहदंड नसे. खुनासारख्या गुन्ह्यातही पद काढून घेणे आणि प्रायश्चित्त एवढ्यावर भागे. अशा धर्मसेवकाला पदच्युत केल्यावर राजाच्या कोर्टाकडे द्यावे, असे हेन्रीचे म्हणणे. एका गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, असे थॉमस यांचे म्हणणे. राजाची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती, हे आपण मान्य केले पाहिजे. जानेवारी ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे राजाने १६ कलमे पुढे ठेवली. थॉमस यांनी आधी होकार दिला, नंतर पश्चात्ताप होऊन तो मागे घेतला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाने त्यांना नॉर्थम्प्टनच्या किल्ल्यात खेचले. निमित्त होते एका जमिनीच्या दाव्यात ते स्वतः हजर न राहिल्याचे. थॉमस यांनी आपल्या वतीने चार सरदार पाठविले होते, तरी कोर्टाचा अवमान झाला असे ठरले.

इथे त्या काळची रीत समजून घेऊ या. राजाच्या कोर्टात दोषी ठरलेला माणूस राजाच्या दयेवर आहे, असे म्हणत. शब्द गोड, पण अर्थ असा की त्याची सगळी जंगम मालमत्ता राजाने घ्यावी. प्रत्यक्षात मात्र ठरलेली रक्कम भरली की सुटका होई. कँटरबरी ज्या केंट परगण्यात आहे तिथे ही रक्कम ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड होती, असे थॉमस यांचे चरित्रकार विल्यम फिट्झस्टीफन यांनी नोंदवून ठेवले आहे. आर्चबिशपांना ही सवलत मिळाली नाही. त्यांची सर्व जंगम मालमत्ता जप्तीस पात्र ठरली. एक लंडनचे बिशप सोडून बाकीचे बिशप त्यांना जामीन राहिले.

राजा तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या दिवसापासून मागण्या वाढत गेल्या. आय आणि बर्कहॅमस्टेड या किल्ल्यांच्या उत्पन्नाचे ३०० पौंड, तुलूझच्या युद्धात दिलेले ५०० मार्क, कर्जाचे आणखी ५०० मार्क आणि शेवटी चान्सलरपदाच्या साऱ्या वर्षांचा पै न् पैचा हिशेब. विंचेस्टरच्या बिशपांनी मिटवामिटवीसाठी २००० मार्क देऊ केले. राजाने ते नाकारले. आता त्याला पैसा नको होता, माणूस वाकवायचा होता. १३ ऑक्टोबरला थॉमस स्वतःच्या हाती क्रूस घेऊन दरबारात गेले, पोपमहाशयांकडे दाद मागितली आणि निकाल न ऐकताच बाहेर पडले. त्या रात्री ते निसटले आणि पुढे फ्रान्सला पोहोचले. सूड त्यांच्या नातलगांवर उगवला. त्यांना घरदार सोडून देशोधडीला लागावे लागले.

सहा वर्षांनी वरवरचा समेट होऊन थॉमस परतले. त्यांनीही आपल्या विरोधकांवर बहिष्काराची शिक्षा लादली होती आणि ती मागे घेतली नाही. राजाच्या संतापाचे बोल ऐकून चार सरदार निघाले आणि २९ डिसेंबर ११७० रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांनी महामंदिरात त्यांचा वध केला. ११७३ साली पोप तिसरे अलेक्झांडर यांनी त्यांना संतपद बहाल केले.

मग दंड देणाऱ्यालाच दंड घ्यावा लागला. १२ जुलै ११७४ रोजी राजा हेन्री अनवाणी चालत कबरीपाशी आला, उघड्या पाठीवर मठवासीयांच्या छड्या झेलल्या आणि रात्रभर उपाशीपोटी तिथेच बसून राहिला.

पुढे १२१५ साली मॅग्ना कार्टा या सनदेत असे लिहिले गेले की दंड गुन्ह्याच्या मानाने असावा आणि तो भरताना कोणाच्या पोटावर पाय येऊ नये. त्या वेळी कँटरबरीचे आर्चबिशप होते स्टीफन लँग्टन, थॉमस यांच्याच गादीवर बसलेले.

बंधुभगिनींनो, शिक्षा आपणही करतो. मुलाला, सुनेला, भावाला, बांधावरच्या शेजाऱ्याला. चूक एका दिवसाची असते आणि आपण हिशेब दहा वर्षांचा काढतो. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरू आपल्याला प्रायश्चित्त देतात तेव्हा त्याला एक सीमा असते; ते पूर्ण केले की आपण मोकळे होतो. तीच सीमा आपण इतरांना देतो का? या सणाला संत थॉमस यांच्याकडे एवढेच मागू या: आमच्या रागाला माप असू दे.