लंडनचं शिक्षण अर्धवट, हातात चार वर्षांची मुदत. १९१७ मध्ये परतण्याआधी बाबासाहेबांनी काय केलं?

येरमाळा, येडशी परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विषय निघाला की कसबे तडवळे आठवतं. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला बाबासाहेब आले होते. तोवर डॉक्टर आणि बॅरिस्टर या दोन्ही ओळखी त्यांच्या नावाशी जोडल्या गेल्या होत्या. मात्र त्याच्या २४ वर्षं आधी लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांना बोट पकडावी लागली होती. परदेशातल्या त्या अखेरच्या दिवसांत नेमकं काय घडलं? जाणून घेऊ.

परदेशी जाण्याचा खर्च कोणी केला?

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड मिळणार होते. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता.

न्यूयॉर्कमधला शेवट कसा होता?

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एमए केलं. मुक्काम संपत आला तरी काम थांबलं नव्हतं. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध चर्चासत्रात वाचला आणि जूनमध्ये प्रबंधाचं काम पूर्ण केलं. त्यानंतर ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, असे दोन प्रवेश त्यांनी एकाच वेळी घेतले.

मग परतावं का लागलं?

शिष्यवृत्तीला मिळालेली मुदतवाढ जून १९१७ मध्ये संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. पैसे संपले होते, करारही पाळायचा होता. निघण्याआधी त्यांनी एक महत्त्वाचं काम केलं. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल, अशी परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. पदवी हातात नव्हती, पण परतीची वाट मोकळी राहिली.

प्रवासात काय गमावलं?

तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. त्यांनी सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. ती बोट पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली आणि पुस्तकंही गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत पोहोचले. सामानाच्या नुकसानभरपाईपोटी मिळालेल्या पैशांतून बडोद्याला जाण्याची सोय झाली.

बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात घेतलेला आसराही अकराव्या दिवशी सुटला. लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना खोली सोडायला लावली आणि ते मुंबईला परतले.

मुदत पाळली का?

हो. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवताना त्यांनी पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, तर मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा चार वर्षांच्या मुदतीतलं जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं.

पुढे काय झालं?

१९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण झाली. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचवले, तेव्हा पुन्हा पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत आले आणि इथूनच सुधारित प्रबंध पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य होऊन डीएस्सी मिळाली. १९१७ मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास सहा वर्षांनी पूर्ण झाला. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर, जिथे ते या दुसऱ्या मुक्कामात राहिले, आज त्यांचं स्मारक आहे.